आधार द्यावा कसा, काढावा केव्हा?

हा लेख पुढे वाचण्यापूर्वी एक कागद आणि पेन्सिल घ्या. दोन कप चहा करण्यासाठी काय काय करावे लागते, ते क्रमाने लिहून काढा. ज्याने जन्मात चहा केलेला नाही असा एखादा पाहुणा तुमची यादी घेऊन स्वयंपाकघरात जाणार आहे, अशी कल्पना करा. झाले लिहून?

माझ्या अकरावीच्या वर्गाला मी एकदा हेच करायला सांगितले. बहुतेकांच्या यादीत सहा ते आठ पायऱ्या होत्या. पहिली पायरी जवळजवळ सर्वांची सारखीच होती : ‘पाणी गॅसवर ठेवा.’ पण कशात ठेवायचे? किती? भांडे कोणत्या फळीवर असते? लायटर आधी पेटवायचा की गॅसची कळ आधी फिरवायची? हे प्रश्न आपल्याला पडत नाहीत, कारण आपल्या हातांना त्यांची उत्तरे पाठ झालेली असतात. ज्याच्या हातांना ती पाठ नाहीत, त्याला ही यादी निरुपयोगी आहे.

याच कामाची ३६ पायऱ्यांची एक यादी मी पाहिली आहे. ती माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीच्या वहीत होती. बी.एस्सी. झाल्यावर तिने बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना शिकवण्याचा पदविका अभ्यासक्रम पूर्ण केला, आणि गेली बारा वर्षे ती चेंबूरच्या बाजूला अशा प्रौढ व्यक्तींसाठी चालणाऱ्या एका लहानशा कार्यशाळेत काम करते. तिच्या कामाला मराठीत अजून एक ठरलेले नाव नाही. कोठे ‘प्रशिक्षक’ म्हणतात, कोठे ‘काळजीवाहक’, कोठे नुसते ‘टीचर’. कार्यशाळेत सारे तिला ताई म्हणतात, म्हणून मीही या लेखात ताईच म्हणतो.

तिच्याकडे मी गेलो तो एका मित्रासाठी. रे रोड स्टेशनपासून पाच-सात मिनिटांवर, घोडपदेवच्या एका चाळीत आम्ही दोघे लहानाचे मोठे झालो. तो माझ्याच वयाचा. जन्मताना तो गुदमरला होता, बऱ्याच वेळाने रडला, असे त्याची आई सांगते. मेंदूला काही मिनिटे प्राणवायू कमी पडला, तर तेथील पेशी मरतात आणि त्या पुन्हा तयार होत नाहीत. आम्ही शाळेत गेलो; तो दोन वर्षे गेला आणि मग जिन्यात बसू लागला. क्रिकेट खेळताना चेंडू गटारापलीकडे गेला की आणून देणे हे त्याचे काम. आम्ही कॉलेजात गेलो, नोकरीला लागलो, कोणी डोंबिवलीला, कोणी पनवेलला राहायला गेले. तो जिन्यातच राहिला. चाळीतली पोरे बदलत गेली, चेंडू आणून देणारा मात्र तोच. दोन वर्षांपूर्वी काकू मला म्हणाल्या, “मी चौऱ्याहत्तर वर्षांची झाले रे. मी आहे तोवर ठीक आहे. पुढे काय?” पंचवीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून माझ्याजवळ या प्रश्नाला उत्तर नव्हते.

आता थोडे शब्दांविषयी. पूर्वी ‘मतिमंद’ हा शब्द सर्रास वापरीत. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात ‘बौद्धिक दिव्यांगता’ हा शब्द आहे. इंग्लंडमध्ये याच अवस्थेला ‘शिकण्यातील अक्षमता’ अशा अर्थाचे नाव आहे, आणि त्यामुळे आपल्याकडे बराच गोंधळ होतो. आपण ज्याला ‘अध्ययन अक्षमता’ म्हणतो, म्हणजे वाचताना अक्षरे उलटसुलट होणे किंवा गणितच न जमणे, ती निराळी गोष्ट आहे; ती असलेला विद्यार्थी एरवी अतिशय हुशार असू शकतो. २०१६ च्या कायद्यातील २१ प्रकारांत या दोन्ही अवस्थांची नोंद स्वतंत्र आहे. २०११ च्या जनगणनेत बौद्धिक दिव्यांगतेच्या रकान्यात देशभरातील सुमारे १५ लाख व्यक्तींची नोंद झाली.

बुद्ध्यंक ही संख्या तुम्ही ऐकली असेल. सरासरी १०० आणि प्रमाण विचलन १५ असे धरून या चाचण्या बेतलेल्या असतात. सरासरीच्या खाली दोन प्रमाण विचलने म्हणजे ७०. पण केवळ ७० पेक्षा कमी आकडा आला म्हणून कोणी बौद्धिक दिव्यांग ठरत नाही. रोजच्या व्यवहारात, म्हणजे बोलणे, स्वतःचे आवरणे, पैसे, प्रवास, लोकांशी वागणे यांतही अडचण असावी लागते, आणि ती लहानपणापासून असावी लागते. एका आकड्यावरून माणूस ठरवणे म्हणजे नुसते तापमान मोजून पदार्थ ओळखण्यासारखे आहे. ३० अंशावर पाणीही असते आणि पारासुद्धा.

याहून फसवा शब्द म्हणजे ‘मानसिक वय’. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने आणि थिओडोर सिमाँ यांनी १९०५ साली शाळेतल्या मुलांसाठी पहिली चाचणी केली, आणि पुढे तिच्यातूनच ही कल्पना निघाली. माझ्या मित्राच्या जुन्या कागदावर लिहिले आहे : ‘मानसिक वय ६ वर्षे’. याचा अर्थ एवढाच की त्या चाचणीतले जेवढे प्रश्न सरासरी सहा वर्षांचे मूल सोडवते, तेवढे त्याने सोडवले. तो सहा वर्षांचा आहे असा त्याचा अर्थ नव्हे! त्याची दाढी पिकू लागली आहे. वडिलांना स्मशानात पोहोचवलेले त्याने पाहिले आहे. चाळीतल्या कोणाचे कोणाशी बोलणे बंद आहे हे त्याला माझ्यापेक्षा चांगले ठाऊक असते. तरी चाळीत सारे त्याला अजून ‘बाळा’ म्हणूनच हाक मारतात, आणि मीही मारीत असे. ताईने पहिल्याच दिवशी त्याला ‘दादा’ म्हटले. तो मागे वळून पाहू लागला, की हा दादा कोण आला!

प्रौढ बौद्धिक दिव्यांग व्यक्तींचा प्रश्न पूर्वी एवढा मोठा नव्हता, त्याचे एक कारण दुःखद आहे. अशी अनेक माणसे प्रौढ होईपर्यंत जगतच नसत. डाउन सिंड्रोमचे उदाहरण घ्या. या व्यक्तींच्या पेशींत २१ व्या क्रमांकाचे गुणसूत्र दोनऐवजी तीन असते, हे जेरोम लेज्यून आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५९ साली पॅरिसमध्ये दाखवून दिले. पाश्चात्य देशांत १९४९ च्या सुमारास या व्यक्तींचे सरासरी आयुष्य जेमतेम १२ वर्षे होते. आज ते ६० च्या आसपास आहे. प्रतिजैविके आली, जन्मजात हृदयदोषांवर शस्त्रक्रिया होऊ लागल्या, आणि हा फरक पडला. रे रोडपासून दुसरे स्टेशन शिवडी. तेथील टेकडीवरील जय वकील संस्थेचे काम १९४४ साली सुरू झाले, ते डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या मुलीसाठी एका आईवडिलांनी चालवलेल्या धडपडीतून. शाळा मुलांसाठी निघाली. पण मुले मोठी होतात. आज तेथे मोठ्या वयाच्या व्यक्तींना कामधंदा शिकवण्याचा विभागही आहे.

पुन्हा चेंबूरच्या कार्यशाळेत येऊ. तेथे एका हार्डवेअरच्या व्यापाऱ्याचे काम येते : दहा स्क्रूंची एक पुडी बांधायची. माझ्या मित्राला दहापर्यंत आकडे म्हणता येतात, पण वस्तू मोजता येत नाहीत. तोंडाने ‘सात’ म्हणेपर्यंत हाताने नऊ स्क्रू टाकलेले असतात. ताईने मला सहज विचारले, “सर, याला काही उपाय सुचतो का?”

भौतिकशास्त्राच्या माणसाला असे विचारले, म्हणजे झालेच! मी दोन दिवस खपून एक सुंदर तराजू केला. एका पारड्यात दहा स्क्रू कायमचे चिकटवून टाकले. दुसऱ्या पारड्यात एकेक स्क्रू टाकत जायचे. दांडी आडवी झाली की दहा झाले. मोजण्याची गरजच नाही! तराजू घेऊन मी मोठ्या ऐटीत गेलो. मित्राने स्क्रू टाकले. दांडी खाली गेली, वर आली, पुन्हा खाली गेली. माझ्या तराजूला अवमंदन फारच कमी होते. आंदोलने थांबायला बराच वेळ लागे. मित्राला ती हलणारी दांडी इतकी आवडली की तो बोटाने तिला पुन्हा पुन्हा झोका देऊ लागला. अर्ध्या तासात एकही पुडी झाली नाही. सगळी कार्यशाळा मात्र तराजूभोवती जमली.

दुसऱ्या आठवड्यात ताईने एक लाकडी पट्टी आणली. तिच्यात ओळीने दहा भोके पाडलेली होती. प्रत्येक भोकात एक स्क्रू उभा करायचा. सगळी भोके भरली की पट्टी नरसाळ्यावर उलटी करायची, स्क्रू पिशवीत. एक भोक रिकामे राहिले तर ते डोळ्यांना लगेच दिसते. माझ्या मित्राने त्या दिवशी ४० पुड्या केल्या आणि एकही चुकली नाही. तराजू कपाटावर गेला, आणि तो अजून तेथेच आहे.

या पट्टीत काय जादू आहे? रे रोड स्टेशनच्या पूर्वेला दारूखाना आहे. तेथे लोखंडाच्या वखारी आणि लहान लहान वर्कशॉप्स आहेत. एखाद्या वर्कशॉपात शंभर पट्ट्यांना अगदी एकाच जागी भोक पाडायचे असेल, तर कारागीर प्रत्येक पट्टी मोजत बसत नाही. तो एक जिग करतो, म्हणजे पट्टी बसेल असा खाचांचा फर्मा. अवकाशातील कोणतीही घन वस्तू सहा प्रकारे हलू शकते : पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, आणि या तीन अक्षांभोवती तीन प्रकारे फिरू शकते. पट्टी टेबलावर सपाट ठेवली की यांतल्या तीन हालचाली संपतात. एका कडेला दोन खुंट्या लावल्या की आणखी दोन जातात, दुसऱ्या कडेला एक खुंटी लावली की शेवटची. मग पट्टी एकाच ठिकाणी बसते, दुसरीकडे बसूच शकत नाही. चूक करण्याची वाटच बंद होते. ताईच्या पट्टीने हेच केले. जिग वापरणाऱ्या टर्नरला आपण कुशल कामगार म्हणतो. मग पट्टी वापरणारा माझा मित्र कमी हुशार का, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारला आहे.

या विचारामागे एक प्रसिद्ध प्रयोग आहे. अमेरिकेत मार्क गोल्ड नावाचे संशोधक होते. त्यांनी १९७२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. संरक्षित कार्यशाळांत जाणाऱ्या ६४ बौद्धिक दिव्यांग व्यक्तींना त्यांनी सायकलचा ब्रेक जोडायला शिकवले. पॅडल उलटे फिरवल्यावर लागणारा हा ब्रेक, मागच्या चाकाच्या आत बसणारा, १५ सुट्या भागांचा. हे काम या लोकांना कधी जमेल असे तेव्हा फारसे कोणाला वाटत नव्हते. अर्ध्या लोकांना सुटे भाग कारखान्यातून आले तसेच दिले. उरलेल्या अर्ध्यांच्या भागांना फक्त एका बाजूला लाल रंग दिला. जोडताना जी बाजू आपल्याकडे यायला हवी ती लाल. बाकी काही नाही. जवळजवळ सगळ्यांनी ब्रेक जोडून दाखवला, आणि लाल रंगवाले बऱ्याच कमी प्रयत्नांत शिकले. त्यानंतर सर्वांना २४ भागांचा दुसरा ब्रेक दिला, त्यावर कोणताच रंग नव्हता. तोही ते शिकले.

पहा, यात शिकणारी माणसे बदलली नाहीत. थोडा रंग बदलला. गोल्ड शिकवताना फार थोडे बोलत. चूक झाली तर ‘चुकले’ म्हणण्याऐवजी ते ‘दुसऱ्या तऱ्हेने करून पाहा’ एवढेच म्हणत, आणि हे वाक्य ते शिकणाऱ्यापेक्षा शिकवणाऱ्याला अधिक लागू करीत. शिकणारा अडला, तर शिकवण्याची तऱ्हा बदला.

ताई कमी बोलते याचे आणखी एक कारण आहे. आपण ऐकलेले काही क्षण धरून ठेवतो, त्या स्मरणाला मर्यादा असते. जॉर्ज मिलर यांनी १९५६ साली ही मर्यादा सुमारे सात गोष्टींची सांगितली. पुढील संशोधकांच्या मते ती चारच्या आसपास आहे. बौद्धिक दिव्यांग व्यक्तींमध्ये ती बहुधा आणखी कमी असते. “अरे, ते स्क्रू इकडे घे, नाही नाही, डब्यातले, आणि आधी पिशवी उघड” या एका वाक्यात चार सूचना झाल्या. ऐकणारा पहिल्या सूचनेवरच गळून पडतो, आणि आपण म्हणतो, ‘याला काही समजत नाही.’

म्हणून ताई आधी हाताला हात लावून कृती करून घेते. मग फक्त कोपराला स्पर्श. मग नुसते बोट दाखवणे. मग नजर. प्रत्येक वेळी ती मनात पाच अंक मोजते आणि थांबते. हे थांबणे मला सर्वांत अवघड वाटले. समोरच्याचा हात हवेत अडलेला असतो, उत्तर आपल्या जिभेवर असते, आणि गप्प बसायचे असते. (शिक्षकांनी आपल्या वर्गात हे करून पाहावे. प्रश्न विचारल्यावर पाच अंक मोजा. मला तीनपर्यंतच जमते.)

१९७६ साली वुड, ब्रूनर आणि रॉस या तीन मानसशास्त्रज्ञांनी अशा आधाराला ‘परांची’ची उपमा दिली. मुंबईत इमारत रंगवताना बांबूंची परांची बांधलेली तुम्ही पाहिली असेल. काम झाले की ती उतरवतात. उतरवायची घाई केली तर माणूस पडतो. आणि कायम ठेवली तर तिला परांची कोण म्हणेल?

स्क्रूच्या पुड्या जमल्या, पण माझा मित्र कार्यशाळेत रोज यायचा कसा? काकूंचे गुडघे दुखतात, मला कॉलेज आहे. ताई म्हणाली, “दादा एकटे येतील.” काकू माझ्याकडे पाहू लागल्या. मीही घाबरलो होतो, हे कबूल केले पाहिजे.

रे रोडहून चेंबूरला जाण्यात एक मोठी मेख आहे. हार्बर मार्गावर वडाळा रोडनंतर फाटा फुटतो. काही गाड्या कुर्ला, चेंबूर करून वाशी, बेलापूर, पनवेलकडे जातात; काही माहीमवरून वांद्रे, अंधेरी, गोरेगावकडे. दोन्ही गाड्या एकाच फलाटावर येतात आणि दिसायला एकसारख्या! माझ्या मित्राला वाचता येत नाही. ताईने तीन कार्डे केली आणि त्यांवर इंडिकेटरवर दिसतात तशाच अक्षरांत ‘पनवेल’, ‘बेलापूर’ आणि ‘वाशी’ लिहिले. वाचता येत नसले तरी दोन आकार सारखे आहेत की नाहीत हे त्याला कळते. कार्डासारखे चित्र वर दिसले तर चढायचे, नाहीतर थांबायचे. परतीसाठी चौथे कार्ड.

एक गोष्ट मात्र आमच्या सोयीची होती. सकाळी गर्दी मुंबईकडे येते आणि त्याला उलट दिशेने जायचे असते.

ताईने आधी स्वतः वही घेऊन हा प्रवास केला आणि घराच्या दारापासून कार्यशाळेच्या दारापर्यंत ४१ पायऱ्या लिहिल्या. पण शिकवताना तिने पहिली पायरी आधी घेतली नाही, शेवटची घेतली! आरंभी सगळा प्रवास ती सोबत करी, आणि फक्त कार्यशाळेच्या गल्लीचे वळण आले की मागे थांबे. शेवटची वीस पावले तो एकटा जाई. दार उघडे, सगळे ‘आले, आले दादा’ म्हणत. काही दिवसांनी वळणाऐवजी रस्त्याच्या कोपऱ्यावर, मग स्टेशनच्या पुलाखाली. असे उलट क्रमाने शिकवण्यात एक हिशेब आहे. नवी, अवघड पायरी आधी येते आणि तिच्यापुढे पाठ झालेला सोपा रस्ता असतो. त्यामुळे प्रत्येक दिवस पोहोचण्याने संपतो. पहिल्या पायरीपासून शिकवले असते, तर रोजचा धडा अर्ध्या वाटेत तुटला असता.

गाडीतही तसेच. आधी ती शेजारी बसे, मग समोर, मग दाराशी, मग पुढच्या डब्यात. दोन महिन्यांनी ती नुसती चेंबूरच्या फलाटावर उभी राहू लागली. त्यानंतर तीही नाही.

एकटे जाण्याच्या नवव्या दिवशी तो पोहोचला नाही.

पावसाळ्याचे दिवस होते. साडेदहा वाजले, पावणेअकरा वाजले. ताईचा फोन आला तेव्हा मी प्रात्यक्षिकाच्या तासाला होतो. मी काकूंना काय सांगायचे याची जुळवाजुळव करीत चेंबूरला निघालो. सव्वाअकराला ताईच्या फोनवर एका अनोळखी माणसाचा आवाज आला. तो वाशी स्टेशनवरचा एक दुकानदार होता. “तुमचे एक गृहस्थ माझ्या स्टॉलपाशी उभे आहेत. कार्ड दाखवतात, बोलत काही नाहीत.”

झाले होते असे. डब्यात ‘पुढील स्टेशन चेंबूर’ ही घोषणा ऐकली की उठायचे, असे आम्ही त्याला शिकवले होते. त्या दिवशी नवी मुंबईत कार्यक्रमाला निघालेली एक भजनी मंडळी टाळ-मृदंग घेऊन त्याच डब्यात चढली. माझ्या मित्राला भजन फार प्रिय. तो टाळ्या वाजवीत राहिला, घोषणा टाळांच्या आवाजात बुडाली, आणि मंडळी वाशीला उतरली तसा तोही त्यांच्या मागोमाग उतरला. पण उतरल्यावर त्याने पुढची पायरी बिनचूक केली. ‘चुकलो तर चालायचे नाही, दुकानापाशी उभे राहायचे, कार्ड दाखवायचे’ ही ४१ पायऱ्यांबाहेरची पायरी ताईने मुद्दाम दोनदा चुकीच्या स्टेशनवर उतरवून त्याच्याकडून करून घेतली होती.

संध्याकाळी काकू म्हणाल्या, “आता पुरे झालं. घरी बसेल तो.” ताईने वाद घातला नाही. तिने वही उघडली आणि म्हणाली, “काकू, दादांचं काही चुकलं नाही. माझ्या यादीत चूक होती. मी एकाच खुणेवर भरवसा ठेवला.” कोणत्याही चांगल्या यंत्रात महत्त्वाच्या जागी एकाऐवजी दोन संरक्षक असतात, हे मी वर्गात शिकवतो, मलाही ते सुचले नव्हते. आता दुसरी खूण ठरली. कुर्ल्याला डबा बराचसा रिकामा होतो. तो रिकामा झाला की उठायचे, दाराच्या आतल्या खांबाला धरून उभे राहायचे आणि मनगटातल्या दोन रबरी कड्या हाती घ्यायच्या. टिळकनगर आले की एक खिशात, चेंबूर आले की दुसरी खिशात आणि खाली.

काकू तीन दिवस बोलल्या नाहीत. चौथ्या दिवशी सकाळी माझा मित्र स्वतःच आंघोळ करून, डबा घेऊन जिन्यात उभा राहिला. त्या म्हणाल्या, “जाऊ दे. पण फोन कर मला.” रॉबर्ट पर्स्के नावाच्या अमेरिकी लेखकाने १९७२ साली एका लेखात म्हटले की अपंग माणसाला सर्व धोक्यांपासून दूर ठेवणे म्हणजे त्याची प्रतिष्ठा काढून घेणे. वाचायला हे सोपे आहे. त्या चौथ्या दिवशी काकूंच्या गॅलरीत उभे राहून ते मानणे सोपे नव्हते.

ताईचे काम केवळ शिकवण्याचे आहे असे मात्र समजू नका. कोणाची दाढी करून द्यावी लागते, कोणाला फिटच्या गोळ्या वेळेवर द्याव्या लागतात, कोणाचा ताप अंगाला हात लावूनच ओळखावा लागतो, कारण ती व्यक्ती सांगू शकत नाही. डाउन सिंड्रोम असलेल्यांना चाळिशी-पन्नाशीतच विस्मरणाचा अल्झायमर रोग गाठण्याचा धोका असतो. त्या रोगाशी संबंधित एक जनुक २१ व्या गुणसूत्रावर आहे, आणि त्याची यांच्याकडे एक प्रत जास्त असते. म्हणून काल येत असलेली पायरी आज अडू लागली, तर ताई ती वहीत तारखेसह लिहून ठेवते आणि डॉक्टरांना दाखवते. आणि एवढ्या कौशल्याच्या कामाला पगार किती, हे मी येथे लिहीत नाही. माझीच मान खाली जाईल.

काकूंच्या प्रश्नाचे काय? अठरा वर्षे पूर्ण झाली की कायद्याने आईवडील आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे अर्ज करून अशा प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमून घेता येतो. काकूंनी आपल्या भाच्याच्या नावाने अर्ज केला आहे. राहण्याची सोय करणाऱ्याही काही संस्था आहेत : डोंबिवलीजवळ खोणी येथे पालकांनीच उभे केलेले ‘घरकुल’, मुळशी तालुक्यात कोळवणच्या खोऱ्यातील ‘साधना व्हिलेज’. तेथे प्रौढ व्यक्ती कुटुंबासारख्या एकत्र राहतात. पण अशा जागा थोड्या आणि गरजू फार. ताईचा हिशेब निराळा आहे. ती म्हणते, दादांना जेवढ्या गोष्टी स्वतःच्या स्वतः येतील, तेवढे त्यांना सांभाळणाऱ्याचे ओझे कमी, आणि तेवढी त्यांना कोणाकडेही राहणे सोपे. काकूंना हे पटले असावे. मागच्या महिन्यात त्यांनी आपण होऊन विचारले, “त्याला चहा करायला शिकवशील का गं?”

ती ३६ पायऱ्यांची यादी त्यासाठीच होती. तुमची यादी तिच्याशी ताडून पाहता यावी म्हणून सांगतो : साखर कितवा डबा, हे त्यात लिहिलेले नाही, साखरेच्या डब्याला लाल पट्टी चिकटवली आहे. गेल्या रविवारी मी गेलो तेव्हा माझा मित्र सत्ताविसाव्या पायरीवर अडला होता. दूध घातलेला चहा वर येऊ लागला की गॅस बारीक करायचा. चहा वर येतो तो अगदी एका क्षणात, आणि तो पाहत राहतो. दूध उतू जाण्याआधी खडखडणारी एक चकती मिळते. ती भांड्याच्या तळाशी ठेवली की तिच्याखाली वाफ साठते आणि ती उड्या मारू लागते. ती आणावी, असे मी ताईला सुचवले.

ताई हसली. “आणा सर. पण ती त्यांना तराजूसारखी आवडली नाही म्हणजे मिळवली.”